‘प्रभूची इच्छा’ : कोणी म्हणायचं, कोणाबद्दल आणि कधी

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. सोलापूरचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना त्या दुपारचं वर्णन करायला नको. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बाईचा १९ वर्षांचा मुलगा पुणे रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. कबरस्थानातून आम्ही तिच्या घरी आलो. दोन खोल्या, वर पत्रा, पंखा नुसती गरम हवा फिरवत होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोणी काही बोलत नव्हतं. ती शांतता मला सोसवेना, म्हणून मी म्हणालो, “ताई, प्रभूची इच्छा. आपल्या हातात काय आहे?” तिनं मान वर केली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “दादा, ती तुम्हाला सांगितली का त्यानं?”

मी ३० वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलंय. देवाच्या सार्वभौमत्वावर कितीतरी वेळा बोललोय. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसलो आणि पुढचे कित्येक महिने एकच गोष्ट शोधत राहिलो: देवाची इच्छा, देवाचं राज्य, देवाचा हात, असं शास्त्रात कोण म्हणतं, कोणाबद्दल म्हणतं आणि कोणत्या वेळी म्हणतं? जे हाती लागलं ते साध्या शब्दांत मांडतो. विषय जड आहे, पण रोजच्या बोलण्यातलाच आहे.

सुरुवात शब्दापासून करू. ‘सार्वभौम’ हा शब्द आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे, कारण शाळेच्या पुस्तकात संविधानाची उद्देशिका छापलेली असते आणि तिथं भारत हे ‘सार्वभौम’ गणराज्य आहे असं ते वाचतात. अर्थ असा, की ज्याच्या वर दुसरा कोणी नाही, ज्याला कोणाची परवानगी लागत नाही. तलाठ्याच्या वर तहसीलदार, त्याच्या वर जिल्हाधिकारी, खालच्या कोर्टाच्या वर हायकोर्ट, त्याच्या वर सुप्रीम कोर्ट. ही शिडी जिथं संपते त्याच्याही पलीकडे जो आहे, तो सार्वभौम. ख्रिस्ती विश्वास सांगतो, की देव असा आहे. सृष्टी त्यानं एकदा निर्माण केली आणि मग घड्याळाला किल्ली देऊन तो बाजूला झाला, असं नाही. ती तो आजही सांभाळतो, चालवतो आणि शेवटाकडे नेतो.

१५६३ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात मंडळीला शिकवण्यासाठी एक प्रश्नोत्तरी तयार झाली. तिच्यात देवाच्या सांभाळाबद्दल विचारलंय आणि उत्तरात म्हटलंय, की पाऊस आणि दुष्काळ, पिकाची वर्षं आणि नापिकीची वर्षं, अन्नपाणी, आरोग्य आणि आजार, श्रीमंती आणि गरिबी यांतलं काहीच योगायोगानं येत नाही, ते बापाच्या हातून येतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. सुकडी आणि मिलो ज्वारीवर तिनं चार पोरं जगवली. ‘पाऊस आणि दुष्काळ’ हे शब्द हायडेलबर्गमध्ये लिहिले गेले खरे, पण त्यांचं वजन काय ते सोलापूर जिल्ह्यात कळतं. पाऊस बापाच्या हातून येतो असं म्हणणं सोपं आहे. दुष्काळही त्याच हातून येतो असं म्हणताना जीभ अडखळते, आणि माझ्या मते अडखळायलाच हवी.

या अडखळण्याला धर्मशास्त्रात एक जुनं उत्तर आहे. देव हा पहिलं कारण आणि माणसं, निसर्ग, घटना ही दुय्यम कारणं. आपल्या गावात हे मागावर समजावता येतं. चादर कोणी विणली? धोटा इकडून तिकडे धावला, म्हणून ती धोट्यानं विणली. माग कामगारानं चालवला, म्हणून ती कामगारानं विणली. पण फूल कुठं यायचं आणि मोर कुठं यायचा हे जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी ठरवलं आणि ते पुठ्ठे नक्षी काढणाऱ्याच्या डोक्यातून आले. तिन्ही उत्तरं खरी आहेत आणि एक खरं ठरलं म्हणून दुसरं खोटं होत नाही. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र यरुशलेमात बोलला तेव्हा त्यानं हेच केलं. येशू देवाच्या ठाम संकल्पानं धरून दिला गेला, असं तो म्हणाला, आणि त्याच वाक्यात पुढे, तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारलंत, असंही म्हणाला (प्रेषितांची कृत्ये २). संकल्प देवाचा, अपराध माणसांचा.

पण मागाचा दाखला एका जागी तुटतो. धोट्याला मन नसतं, माणसाला असतं. देव सगळं ठरवतो तर माणूस जबाबदार कसा? आणि माणूस खरोखर मोकळा असेल तर देव सार्वभौम कसा? इथं मोठमोठी माणसं भांडली आहेत. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस हे दोन धर्मशिक्षक भांडले. १५२५ साली ल्यूथरनं माणसाची इच्छा पापाच्या दास्यात आहे असा ग्रंथ इरॅस्मसच्या विरोधात लिहिला. पुढं कॅल्व्हिनच्या वाटेनं जाणारे आणि आर्मिनियसच्या वाटेनं जाणारे यांच्यात इतकं पेटलं, की १६१८–१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथं महासभा भरवावी लागली. एक बाजू म्हणाली, तारण पूर्णपणे देवाच्या निवडीवर उभं आहे. दुसरी म्हणाली, देव सर्वांना हाक मारतो आणि ती नाकारण्याची मोकळीक माणसाला त्यानंच दिली आहे. वाद आजही मिटलेला नाही आणि या लेखात तो मिटणार नाही. मला त्या सगळ्या इतिहासात अठराव्या शतकातले दोन उपदेशक जवळचे वाटतात. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड याच मुद्द्यावर उघडपणे एकमेकांच्या विरोधात गेले होते. १७७० साली व्हाइटफील्ड अमेरिकेत वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ उपदेश करायला उभा राहिला तो वेस्ली. सार्वभौमत्वावर त्या दोघांनी लिहिलेल्या पानांपेक्षा मला ही गोष्ट जास्त शिकवून जाते.

आता लीनता. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो’ असं याकोबाच्या पत्रात आहे आणि पेत्राच्या पहिल्या पत्रातही आहे. दोघांनी ते नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातून उचललं. ‘नम्र’ आणि ‘लीन’ हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण मला त्यांत थोडा फरक जाणवतो. नम्र म्हणजे वाकलेला. माणूस वरवर वाकून आत ताठ राहू शकतो. लीन या शब्दात मिसळून जाणं आहे, ‘तल्लीन’ आणि ‘विलीन’ यांत आहे तसं. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दाचा इतिहास तर आणखी बोलका आहे. ‘टपेइनोस’ म्हणजे खालचा, हलका, खालच्या पायरीवरचा. मानमरातबावर चालणाऱ्या त्या ग्रीक-रोमी समाजात हा गुण मानलाच जात नव्हता, ती शरमेची गोष्ट होती. तोच शब्द प्रेषित पौल फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात उचलतो आणि ख्रिस्ताला लावतो: देवाच्या स्वरूपाचा असून त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं स्वरूप घेतलं, आणि मरण, तेही वधस्तंभावरचं मरण, इथपर्यंत आज्ञा पाळून स्वतःला लीन केलं. म्हणजे लीनता ही फक्त खालच्यानं वरच्यापुढं दाखवायची गोष्ट राहिली नाही. सगळ्यांत वर जो आहे तोच खाली उतरला.

लीनता म्हणजे ‘मी काही कामाचा नाही’ असं घोकणंही नव्हे. तसं घोकणाऱ्याचं लक्ष दिवसभर स्वतःवरच असतं. पौल करिंथकरांना विचारतो, तुझ्यापाशी असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही? लीन माणूस आपली हुशारी नाकारत नाही, ती कोणाकडून आली ते विसरत नाही. जुन्या करारात दानिएलाच्या चौथ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर राजवाड्यावर फिरताना म्हणतो, ही थोर बाबेल मी माझ्या बळानं बांधली ना! शब्द तोंडातून बाहेर पडतात न पडतात तोच त्याची बुद्धी जाते, तो बैलासारखं गवत खातो, त्याची नखं पक्ष्यांच्या नखांसारखी वाढतात. दिवस भरल्यावर तो डोळे वर करतो, बुद्धी परत येते आणि तो म्हणतो, त्याचा हात कोणी अडवू शकत नाही, ‘तू हे काय करतोस’ असं त्याला कोणी विचारू शकत नाही. देवाच्या सार्वभौमत्वाबद्दल शास्त्रात याहून ठळक वाक्यं थोडीच असतील. पण तो अध्याय नीट वाचा. तो राजानं प्रजेला लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. मी असा होतो, माझं असं झालं, असं तो स्वतःबद्दल सांगतो आहे. हीच खूण मला पुढं जागोजागी सापडत गेली.

जुन्या करारातल्या ईयोबाचं उदाहरण घ्या. एका दिवसात गुरंढोरं, चाकर आणि दहाही मुलं गेल्यावर तो म्हणतो, ‘परमेश्वराने दिले व परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ हे तो स्वतःच्या मुलांबद्दल बोलतो. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही. तिथंच ते थांबले असते तर! मग त्यांनी तोंड उघडलं. देव न्यायी आहे, तो उगाच कोणाला शिक्षा करत नाही, तेव्हा तुझं काहीतरी चुकलं असणार. त्यांची सुटी सुटी वाक्यं उपदेशात शोभतील इतकी बरोबर आहेत. आणि ईयोब? तो भांडतो, जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. अखेर परमेश्वर वावटळीतून बोलतो: ‘मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास?’ प्रश्नांमागून प्रश्न येतात. बर्फाची भांडारं, मृग आणि कृत्तिका, रानगाढव, शहामृग, घोडा. पण पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात जे घडलं, म्हणजे सैतानानं ईयोबाची परीक्षा मागितली आणि देवानं ती होऊ दिली, त्याबद्दल देव ईयोबाला एक अक्षर सांगत नाही. ‘का’ हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्याला देव मिळतो, कारण मिळत नाही. आणि मग बेचाळिसाव्या अध्यायात देव अलीफजला म्हणतो, माझा कोप तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं यथार्थ तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत.

हे वाचताना मला ती पत्र्याची खोली आठवली. त्या दुपारी मी अलीफज झालो होतो. देवाची बाजू घेऊन बोलत होतो, देवानं सांगितलेलं नसताना.

योसेफाची गोष्टही तशीच. भावांनी त्याला विकलं, तो मिसरात कैदेत पडला, पुढं अधिकारी झाला आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य दिलं. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात तो त्यांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं होतं, पण देवानं ते चांगल्यासाठी योजलं. किती जणांनी आपापल्या घरात या वचनाचा आधार घेतला असेल! पण क्षणभर हेच वाक्य भावांच्या तोंडी घालून बघा: “योसेफा, आम्ही तुला विकलं खरं, पण ती देवाचीच योजना होती.” अंगावर काटा येतो. शब्द तेच, सत्य तेच, पण बोलण्याचा हक्क त्यांचा नाही. ज्यानं सोसलं त्यालाच ते म्हणता येतं आणि तेही त्याची वेळ आल्यावर. योसेफाला कित्येक वर्षं लागली. भावांना ओळख देण्याआधी तो दोनदा बाजूला जाऊन रडला.

मंडळीत एक दाखला नेहमी ऐकू येतो. आपलं आयुष्य म्हणजे विणकामाची उलटी बाजू, नुसत्या गाठी आणि लोंबणारे दोरे. देव वरून सुलटी बाजू पाहतो, तिथं सुंदर चित्र असतं. दाखला कानाला गोड लागतो, पण तो सोलापुरी चादर न पाहिलेल्या माणसाचा असावा. आपली चादर उलटून पाहा. मागंही तीच नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली, पुढं लाल फूल पांढऱ्यावर तर मागं पांढरं फूल लालवर. मला हे जास्त खरं वाटतं. इथं खाली सगळा गुंता आणि वर सगळं चित्र, असं नाही. त्या आईच्या आयुष्यात मुलाचं हसणं, त्याचं पहिलं पगाराचं पाकीट, हे खरंखुरं चित्र होतं, गुंता नव्हता. आणि त्याचं जाणं हे वरून पाहिल्यावर सुंदर दिसणारं फूल आहे, असं म्हणायचं धाडस मला होत नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि पाच मिनिटांत आपण त्याला उठवणार हे माहीत असून रडला.

ज्याच्यावर संकट येतं त्याचंच काही चुकलेलं असतं का, हा प्रश्न येशूनं स्वतःच पुढं आणला होता. लूकच्या तेराव्या अध्यायात तो शिलोहाच्या बुरुजाचा उल्लेख करतो. बुरूज कोसळला आणि १८ माणसं ठार झाली. यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ती जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? मी सांगतो, नाही. आपल्या जिल्ह्यात हे समजायला लांब जायला नको. मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले, अशी परंपरा आहे. चोखोबांच्या पापामुळे ती भिंत पडली, असं म्हणायला इथला कोणी धजावणार नाही. उलट, पंढरपुरात महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे. मग शेजारणीचा गर्भपात झाला, कोणाला कॅन्सर झाला, कोणाचा कारखाना बंद पडला, की तिथं मात्र ‘काहीतरी असेल’ असं आपण कुजबुजतो ते कशाच्या जोरावर? अनुवादाच्या पुस्तकात एक वचन आहे, गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत, प्रकट केलेल्या गोष्टी आपल्या आहेत. ज्याच्या सार्वभौमत्वापुढं मी लीन आहे त्याचं कपाट मी उघडून बघत नाही, एवढी साधी ती गोष्ट आहे.

याच्या उलट बाजूलाही एक खड्डा आहे. देवाची इच्छा कळत नाही, ती बदलत नाही, मग मागायचं कशाला? रडायचं कशाला? गप्प राहून सोसायचं. हे ऐकायला लीनतेसारखं लागतं, पण शास्त्रात मला ते सापडत नाही. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असं म्हणणारी गीतं मंदिरात गायली जात होती. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. आणि गेथशेमाने बागेतली प्रार्थना पाहा: ‘अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ क्रम लक्षात घ्या. आधी हाक, मग त्याच्या सामर्थ्याची कबुली, मग स्पष्ट मागणं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःला सोडून देणं. आपण पुष्कळदा मधलं मागणं गाळतो आणि थेट शेवटावर जातो. येशूनं ते गाळलं नाही, आणि एकदा मागून तो थांबलाही नाही. पौलानं शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं उत्तर आलं. पण उत्तर आलं ते मागितल्यावर.

यापुढचं जरा सावकाश लिहितो, कारण इथं बरंच नुकसान झालेलं मी पाहिलंय. ‘लीन राहा’ हे वाक्य आपल्याकडे फार वेळा खालच्याला सांगितलं जातं. मार खाणाऱ्या बायकोला सांगितलं जातं. हिशेब विचारणाऱ्या सभासदाला सांगितलं जातं. आणि हे विसरता येत नाही, की आपल्या मराठी मंडळ्यांतल्या अनेकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहत होते. पिढ्यानपिढ्या ज्यांना बळजबरीनं वाकवलं, त्यांच्या नातवंडांना ‘वाकायला शिका’ असं सांगणं ही सुवार्ता नव्हे. पेत्र म्हणतो, ‘देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा’. हात देवाचा म्हटलाय. वडिलांचा, पाळकाचा, मालकाचा, नवऱ्याचा म्हटलेला नाही. आणि त्याच अध्यायात तीन वचनं आधी तो मंडळीच्या वडीलजनांना बजावतो, की कळपावर धनीपणा करू नका. येशूची आई मरीया हिच्या गीतातला देव तर अधिपतींना राजासनांवरून खाली ओढतो आणि दीनांना उंच करतो. देव सार्वभौम आहे याचा पहिला परिणाम असा व्हायला हवा, की दुसरा कोणी सार्वभौम उरत नाही.

पंडिता रमाबाई मला इथं फार मोठ्या वाटतात. सोलापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, तिथं त्यांचं मुक्ती सदन आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या भगिनींनी आणि धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून निमूट आज्ञापालनाची अपेक्षा केली, तेव्हा एका पुरोहितवर्गाचं जू आपण मोठ्या कष्टानं मानेवरून काढलं आहे, तसलंच दुसरं आता घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. त्याच रमाबाई देवापुढं मात्र पूर्णपणे रिक्त झाल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, जी त्यांच्या कामात बरोबरीनं राबत होती, वारली. काम थांबलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. माणसांपुढं ताठ आणि देवापुढं लीन, हे एकाच बाईत इतकं स्वच्छ दिसतं, की ज्याला या दोन गोष्टींची गल्लत होते त्यानं तिचं चरित्र वाचावं.

मग ‘प्रभूची इच्छा’ हे शब्द वापरायचेच नाहीत का? वापरायचे, आणि भरपूर वापरायचे. याकोबानं त्यांची जागा दाखवून दिली आहे. चौथ्या अध्यायात तो व्यापाऱ्यांशी बोलतो. आज नाहीतर उद्या अमक्या शहरी जाऊ, तिथं वर्षभर राहू, धंदा करू आणि पैसा मिळवू, असं ते म्हणतात. याकोब म्हणतो, तुम्हाला उद्याचं माहीत नाही, तुम्ही वाफ आहात, थोडा वेळ दिसते आणि मग दिसेनाशी होते. असं न म्हणता, ‘प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू व अमुक अमुक करू’, असं म्हणा. व्याकरण बघा. काळ भविष्य, पुरुष पहिला. बेत माझा, तो घडायच्या आधी आणि माझ्याच तोंडून. त्या दुपारी मी नेमकं उलटं केलं होतं. काळ भूत, आणि दुःख दुसरीचं.

आणि याकोब बेत करू नका असं म्हणत नाही. शहरी जा, धंदा करा. आपल्याकडचा शेतकरी हे न शिकवता जाणतो. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात रब्बीची मालदांडी पेरायची ती पावसाळ्याच्या शेवटी, जमिनीत मुरलेल्या ओलीच्या भरवशावर. रान तयार ठेवणं, बियाणं निवडणं, वाफसा बघून पेरणं यात तो कसूर करत नाही. ओल किती टिकेल, थंडी कशी पडेल, हे त्याच्या हातात नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात येशू अशाच माणसाची गोष्ट सांगतो. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी रुजतं, वाढतं, पण कसं ते त्याला कळत नाही. मला त्या गोष्टीतलं ‘झोपतो’ हे क्रियापद आवडतं. ज्याला वाटतं सगळं आपल्यावर आहे त्याला झोप लागत नाही.

आमच्या घरी गेल्या काही वर्षांत बोलणं बदललंय. पोराची नोकरी, घराचं कर्ज, बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन, प्रत्येक बेतापुढं हे पाच शब्द येतात, ‘प्रभूची इच्छा असेल तर बरं’. सवयीनं बोलल्यामुळं ते कधी कधी पोकळ होतात, हे मान्य. तरी कर्जाच्या कागदावर सही करताना ते म्हटले, की पेन हातात जरा वेगळं धरलं जातं. आणि कोणाच्या घरी दुःखाचा प्रसंग असला, की मी आधी पाण्याचा हंडा भरलाय का ते बघतो. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात पाहुण्यांनी भरलेल्या घरात तेच पहिलं संपतं. मग जाऊन बसतो. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केलं, तेवढंच.

त्या दुपारी मी जे बोललो त्याबद्दल मी त्या ताईची क्षमा मागितली, पण ती वर्षभरानंतर. ती म्हणाली, तुम्ही एकटेच नव्हता, सगळेच तसं म्हणत होते. नंतर ती उपासनेला मागच्या बाकावर येऊन बसायला लागली. गीतं सुरू झाली की उभी राहायची, पण गायची नाही. पाळकांनी तिला कधी टोकलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. किती महिने असं चाललं मी मोजलं नाही. एका रविवारी तिचा आवाज आला.

मागच्या महिन्यात ती चर्चच्या दारात भेटली. सलाम केला आणि म्हणाली, “दादा, नाताळानंतर धाकटीचं लग्न करतेय, प्रभूची इच्छा असेल तर. तुम्ही सगळ्यांनी यायचं.” तारीख विचारली, तर तिनं पिशवीतून पावती काढून दाखवली. हॉलचा इसार तिनं आधीच भरला होता.